नकाशाची मागची बाजू

कासव अजून हललं नव्हतं.

"झोपलं असेल," छोट्या म्हणाला. "रविवारची दुपार आहे. कासवालाही घरदार असेल की."

"तुला थट्टा सुचतेय," दादा म्हणाला, आणि त्याने लॅपटॉपवरचं पान पुन्हा उघडून पाहिलं. काही बदललं नव्हतं. ऑनलाइन विश्वकोशातल्या, वडिलांवरच्या म्हणजे आबांवरच्या लेखावर तीच नारिंगी पट्टी होती. हा लेख ठेवावा की वगळावा, यावर चर्चा सुरू आहे. चर्चेची मुदत आज संध्याकाळी संपत होती. निर्णय देणार होता 'कासव' या नावाने तिथे वावरणारा एक संपादक. या घरातल्या कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तिघं भावंडं कारखान्यातल्या लांब टेबलाशी बसली होती. आबांची नजर गेल्यापासून टेबलावर काम असं काही होत नव्हतं, पण लाकडात मुरलेला सरसाचा वास अजून होता. भिंतींवर प्लास्टरचे साचे ओळीने टांगलेले होते. साच्यात सगळं उलटं असतं. डोंगर खड्ड्यात आणि नद्या उंचावर. त्यात कागदाचा लगदा दाबून वाळवला की उठावाचा नकाशा बाहेर येई, आणि अंध मुलांच्या शाळांमध्ये जाई. मुलं बोटांनी नदी शोधत समुद्रापर्यंत जात. गावं म्हणजे टाचणीची डोकी.

दादाने त्या साच्यांकडे पाहिलं. आबा आता थकले होते. जेवणावरची वासना उडाली होती, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागे. त्यांच्या हयातीत त्यांचं नाव कुठेतरी पक्कं लिहिलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं. शाळा बंद पडतात, नकाशे झिजतात. विश्वकोशातलं पान राहतं. म्हणून तर कामातून वेळ काढून, याच टेबलावर बसून, त्याने स्वतः तो लेख लिहिला होता. आबा रोज सकाळी फोनकडून तो वाचून घेत. ते पान आज संध्याकाळी पुसलं गेलं, तर उद्या सकाळी आबांना काय सांगायचं?

थोरली सून, दादाची बायको, चहा घेऊन आत आली. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं तिचं काम, आणि सुटीच्या दिवशी त्या विश्वकोशात इतरांचे लेख तपासण्याचा छंद. घरात सगळे त्याला फुकटची हमाली म्हणत.

"बस जरा," दादा तिला म्हणाला. "तिथे तुझ्या शब्दाला वजन आहे. एक ओळ लिही. 'लेख ठेवावा.' संपलं."

"मला नाही लिहिता येणार."

"का? हात मोडलाय?"

"मी घरची आहे."

"घरची आहेस म्हणूनच तर सांगतोय!"

"आणि घरची आहे म्हणूनच नाही जमत."

"वहिनीने उखाणा घातला," छोट्या म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपणच बोलायचं, ही सवय त्याच्या अंगात मुरली होती. पण या वेळी कुणी हसलं नाही.

ताईने कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. "एक विचारू का वहिनी? तिथे लाखो लेख पडलेत म्हणतात. मग कुणाच्या डोळ्यात नेमका आपलाच कसा आला?"

सुनेने ट्रे टेबलावर ठेवला. कडेला ओघळलेला चहा पदराने नाही, नीट फडक्याने पुसला.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"तिथे एक फलक असतो. त्यावर मी लिहिलं, की हा लेख माझ्या सासऱ्यांवर आहे आणि माझ्या नवऱ्याने लिहिलाय, म्हणून मी तो तपासणं बरोबर नाही. दुसऱ्या कुणीतरी पाहावा. वगळा, असं मी म्हटलं नाही."

दादा उभा राहिला. खुर्ची मागे सरकून साच्यांना लागली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा. मी बाहेरच्या माणसाला शिव्या घालतोय, आणि काडी लावणारा हात घरातलाच!"

"मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा."

"जेवताना सांगितलंस!"

"तुम्ही जेवतानाच घरी असता."

छोट्याने हसू दाबलं. दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते हसू तिथेच वाळलं.

*

ताई खरं तर दादाच्या बाजूने आली होती. वहिनीचं आणि तिचं कधी फारसं पटलं नव्हतं. वहिनी कमी बोलते, आणि जे बोलते ते खरं निघतं, हे ताईला आवडायचं नाही. दादाचा फोन आला तेव्हा ती तिच्या औषधांच्या दुकानात होती. गिऱ्हाइकं उभी होती. "खातं उघड, 'ठेवावा' म्हणून लिही, आणि ते कासव काही विचारील त्याला उत्तर दे," असं दादा म्हणाला, आणि तिने तसंच केलं. लेख पूर्ण वाचला मात्र नव्हता. बाटलीवरची चिठ्ठी न वाचता कुणाच्या हातात औषध न देणारी बाई, आणि बापावरचा लेख न वाचता सही करून बसली होती.

आता ती लॅपटॉप ओढून वाचू लागली. 'देशातले पहिले उठाव-नकाशाकार.' बरं. शाळा, पुरस्कार, सत्कार. मग दादाच्या कंपनीचं नाव. 'आबांचा वारसा पुढे नेणारी, शाळांसाठी बोलके नकाशे बनवणारी अग्रगण्य संस्था.' खाली पुन्हा कंपनी. संदर्भांत पुन्हा कंपनी. वर्तमानपत्रातली एक बातमी होती, पण ती दादानेच पाठवलेल्या मजकुरावरून छापलेली. दुसरी होती घरच्यांनीच छापलेली गौरवपुस्तिका.

"दादा, यात आई कुठेय?"

"आहे की. नीट बघ."

ताईला सापडलं. 'या कार्यात त्यांना पत्नीचे मोलाचे सहकार्य लाभले.'

"एवढंच? तू म्हणालास, आईबद्दल भरपूर लिहिलंय."

"लिहिणार होतो. मग ही पट्टी आली."

"कंपनीबद्दल लिहायला सुचलं. आईच्या वेळेलाच पट्टी आडवी आली होय?"

"कंपनी नसती तर हा कारखाना केव्हाच भंगारात गेला असता!" दादा म्हणाला. "मी काय परक्याचं नाव घातलंय? आबांचंच काम पुढे चालू आहे. हे खोटं आहे का? सांग ना."

ते अगदी खोटं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. ताई पुढे सरकली. लेखात एक छायाचित्र होतं. जुन्या नकाशाची मागची बाजू, आणि तिच्या कोपऱ्यात ओल्या लगद्यात उमटलेला एक अंगठा. खाली लिहिलं होतं, 'आबांच्या अंगठ्याचा ठसा: त्यांच्या प्रत्येक नकाशावरची खूण.'

"हा अंगठा आबांचा?"

"मग काय माझा?"

ताईने वहिनीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने या बाईकडे काहीतरी विचारण्यासाठी पाहिलं होतं.

"आईंचा आहे," सून म्हणाली.

*

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाई होत्या, आणि कारखाना सुरू होता. ज्याला फावला वेळ, त्याने टेबलावर बसायचं, असा रिवाज होता. तिला आबांनी पहिल्यांदा लगदा करायला नाही, तपासायला शिकवलं. डोळे मिटायचे. डाव्या हाताने नकाशाची कड धरायची, उजव्या हाताने उगमापासून निघायचं. बोट कुठे अडखळलं तर तिथे चूक. लहान मुलाला समजवावं तसं, घाई न करता आबा सांगत. तिचं बोट एकदा वाट चुकून वाळवंटात गेलं, तर म्हणाले, "गेलीस ना? मग तूही नाही चुकलीस, नकाशाही नाही चुकला. नदी नीट उमटलेली नाही, म्हणजे मी चुकलो."

आणि मग ते उठून खोलीबाहेर गेले होते. तिला वाटलं, रागावले. सासूबाई हसल्या. "रागावले नाहीत गं. आपला नकाशा तपासला जात असताना ते इथे थांबत नाहीत. तपासणाऱ्याला तोंडाकडे बघून भीड पडते ना."

कारखान्याचा नियम एका वाक्याचा होता. ज्याचा हात, त्याचा डोळा नाही. करणाऱ्याने आपलं काम स्वतः तपासायचं नाही. तपासणाऱ्याचं समाधान झालं, की त्याने मागच्या बाजूला ओल्या लगद्याची टिकली लावून तीवर अंगठा दाबायचा. करणाऱ्याची खूण कुठेच नसायची. आबांच्या जवळजवळ सगळ्या नकाशांवर सासूबाईंचा अंगठा होता, तो असा.

हे सगळं तिने आता दादाला सांगितलं. तो काही टेबलावर वाढला नव्हता. पोरवयापासून तो बाहेरची कामं बघायचा. शाळांकडे जायचं, नकाशे पोचवायचे. ते त्याला उत्तम जमे.

"तो नियम कारखान्याचा होता," तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"हो. आणि याच टेबलावर बसून तुम्ही लेख लिहिलात."

"म्हणजे आपल्या माणसाबद्दल बोलायचंच नाही?"

"बोलायचं की. आपण कोण ते सांगून बोलायचं. आणि खरं-खोटं दुसऱ्याला ठरवू द्यायचं."

"कासवाला," छोट्या म्हणाला. "ठीक आहे वहिनी. त्याने विचारलं होतंच. 'ही तिन्ही खाती एकाच दिवशी चर्चेत आलेली दिसतात, या व्यक्तीशी आपला काही संबंध आहे का?' आम्ही तिघांनी उत्तरं दिलीत. मिटलं ना?"

"तुमची उत्तरं वाचलीत मी, भाऊजी."

छोट्याने कप दूर सरकवला. चमचा उचलून त्याने बशीत ठेवला, पुन्हा उचलला.

तेवढ्यात बाहेरच्या बोळात भिंतीवरून हात सरकत आल्याचा आवाज झाला. तो आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

*

आबांना दार हाताला लागलं तेव्हा आतलं बोलणं थांबलं. बोलणं असं अचानक थांबलं की माणसाला कळतं, विषय आपलाच होता.

"बसा, बसा. उठू नका कुणी," ते म्हणाले. टेबलाची कड त्यांनी बोटांनी ओळखली आणि आपल्या जुन्या जागेवर बसले. खिशातून फोन काढून समोर ठेवला. "माझं थोडं काम आहे. या फोनमधल्या बाईला जरा बोलू द्या."

छोट्यानेच तो फोन त्यांना लावून दिला होता. बोट फिरवलं की त्यातली बाई समोरचा मजकूर मोठ्याने वाची. रोज सकाळी आबा तिच्याकडून आपला लेख ऐकत. 'देशातले पहिले' आलं की त्यांना हसू यायचं. पोराने प्रेमाने लिहिलंय, म्हणून ते काही बोलले नव्हते. आज सकाळी लेख संपल्यावर त्यांचं बोट आणखी पुढे गेलं होतं. चर्चा, असं बाई म्हणाली. त्यांनी ते उघडलं.

आता त्यांनी तेच पुन्हा उघडलं. बाईचा आवाज सपाट होता. तिला आनंद नाही, दुःख नाही.

"लेख ठेवावा. सर्वांना विदित आहेच की सदर गृहस्थांचे कार्य अतुलनीय आहे. कासव यांच्या प्रश्नाचे उत्तर. माझा सदर व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी कोणताही संबंध नाही."

दादाचा श्वास आबांना ऐकू आला.

"लेख ठेवावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कासव यांच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्यांना ओळखत नाही. मी एक सामान्य वाचक आहे."

"लेख ठेवावा. थोडक्यात सांगायचं तर." इथून पुढे बाई बराच वेळ वाचत राहिली. शेवटी म्हणाली, "मी या गृहस्थांना कधीही भेटलेलो नाही."

आबांनी फोन थांबवला.

"'सर्वांना विदित आहेच' मी शाळेतल्या निबंधांपासून ऐकतोय," ते म्हणाले. "ते कांकण तुमच्या आईच्या तोंडचं. आणि थोडक्यात म्हणून एवढं लांबण लावणारा आपल्या घरात एकच. मी बाईला परत परत वाचायला लावलं. म्हटलं, यंत्र आहे. चुकत असेल."



"आबा, हे तुमच्यासाठी..." दादाने सुरुवात केली.

"माझ्यासाठी मला नाकारलंत?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं तिघांनाही वाटलं. ताईने तोंडावर हात घेतला. हुंदका आला तो आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. पण आबांना आता सगळं ऐकूच येत असे.

"आम्हाला वाटलं, तुम्ही लेखच ऐकता," छोट्या कसाबसा म्हणाला. "हे पान तुम्ही उघडाल असं..."

"अरे, हातात नकाशा आला की मी आधी काय करतो?"

"पालथा करता," छोट्या म्हणाला.

"मग? विसरलात?" त्यांनी मान सुनेच्या दिशेला वळवली. "सूनबाई, ही चर्चा म्हणजे मागची बाजूच ना?"

"हो आबा. लेख म्हणजे पुढची बाजू. कुणी तपासलं, कुणी काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, ते सगळं या मागच्या बाजूला."

"चांगली पद्धत आहे," आबा म्हणाले. "आणि हे देशातला पहिला काय रे? मला ज्यांनी शिकवलं, ते काय माझ्यानंतर जन्माला आले?"

छोट्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. दादाने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. त्याला बोलायचं होतं, की तुम्ही म्हातारे होताय, मला भीती वाटते; लोक तुम्हाला विसरतील, आणि मीही त्या लोकांतलाच एक ठरेन. मी कधी या टेबलावर कामाला बसलो नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवावं म्हटलं. यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"आता काय करायचं, आबा?" ताईने विचारलं. "लेख जाऊ द्यायचा?"

"लेख राहील की जाईल, ते कासव बघेल. डोळा त्याचा. हात तुमचा. तुम्ही आपला हात तेवढा नीट करा."

*

कसं करायचं ते सुनेने दाखवलं. आधीचं वाक्य पुसायचं नाही. त्यावरून आडवी रेघ मारायची. खालचं दिसत राहिलं पाहिजे. मग त्यापुढे खरं लिहायचं.

"पुसून टाकलं तर काय बिघडतं?" छोट्याने विचारलं.

"मग चूक झालीच नव्हती असं दिसतं."

ताईने सर्वांत आधी लिहिलं. "मी त्यांची मुलगी. माझं मत मोजू नये." छोट्याने पुष्कळ लिहिलं, खोडलं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खरोखर थोडक्यात सांगितलं. "मी त्यांचा धाकटा मुलगा. मी खोटं बोललो."

दादापुढे लॅपटॉप आला. खिडकीतलं ऊन साच्यांवरून उतरत चाललं होतं. त्याने आधी लेख उघडला. 'पहिले' काढलं. कंपनीचं नाव काढलं, जिथे जिथे होतं तिथून. मग मागच्या बाजूला आला आणि थांबला. बायको त्याच्या शेजारी उभी होती. ती काही सुचवत नव्हती.

"तू बाहेर जा ना जरा," तो हळूच म्हणाला. "तू बघत असलीस की मला..."

ती बोळात जाऊन उभी राहिली. आबा गालातल्या गालात हसले. हे त्यांना फार जुनं, ओळखीचं वाटलं.

त्याने लिहिलं: "मी त्यांचा थोरला मुलगा. हा लेख मी लिहिला. त्यात माझ्या कंपनीचं नाव मीच घातलं होतं. त्यांना कामाचे धडे देणारी माणसं त्यांच्याआधी होती. चित्रातला अंगठा माझ्या आईचा आहे. त्यांचे जवळजवळ सगळे नकाशे तिने तपासले."

संध्याकाळ झाली. दिवा लावायला ताई उठली, तेव्हा कासव हललं.

दादाने वाचून दाखवलं. "स्वतंत्र संदर्भ मिळाले नाहीत, म्हणून लेख वगळत आहे. संदर्भ मिळाल्यास कुणा तिऱ्हाइताने पुन्हा लिहावा. आपापलं नातं सांगितल्याबद्दल तिघांचे आभार. ही चर्चा जतन राहील."

"गेलं," दादा म्हणाला.

"गेलं," आबा म्हणाले. "चहा आहे का गं अजून?"

चहा गार झाला होता. ताई आणि वहिनी दोघी मिळून नवीन करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नेहमीच्या सवयीने फोन घेतला. शेजारी दादा होता. कामावर जायला निघालेला, पण गेला नव्हता.

"हा लेख अस्तित्वात नाही," बाई म्हणाली.

आबांचं बोट क्षणभर थांबलं. मग पुढे सरकलं, मागच्या बाजूला.

बाईला आडवी रेघ कळत नव्हती. खोडलेलं आणि न खोडलेलं ती सारख्याच आवाजात वाचत गेली. "मी त्यांना ओळखत नाही. मी एक सामान्य वाचक आहे. मी त्यांची मुलगी. मी या गृहस्थांना कधीही भेटलेलो नाही. मी त्यांचा धाकटा मुलगा."

"आबा, ते खोडलेलं आहे," दादा घाईने म्हणाला. "दिसायला रेघ आहे त्यावर. तिला कळत नाही."

"असू दे," आबा म्हणाले. "नकाशा डागडुजी केलेला असला की जोड बोटाला लागतोच. ऐकू दे मला." त्यांनी बोट परत वर, पहिल्या उत्तराकडे नेलं.

"माझा सदर व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी कोणताही संबंध नाही," बाई म्हणाली. "मी त्यांचा थोरला मुलगा."

आबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. दादा उठून खोलीबाहेर जाऊ लागला.

"कुठे निघालास?"

"तुम्ही तपासताय ना?" दादा म्हणाला. "मी नको इथे."

तो दारापलीकडे गेला. बाईचं वाचून संपलं. आबांनी फोन पालथा केला, आणि मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अंगठा नीट दाबून टेकवला.